कायदा मोडावा का?

गावच्या पारावर हा प्रश्न हमखास निघतो. "गांधीजींनी मीठ उचललं, तोही कायदा मोडणंच की! मग आम्ही रानातून एक ओंडका आणला तर रखवालदार का धरतो?" असं कुणीतरी विचारतं आणि सगळे मास्तरांच्या तोंडाकडे पाहतात.

मिठाचं थोडक्यात सांगतो. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहून आपला बेत आधीच कळवला. मग ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. पुढं मे महिन्यात आपल्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच साली बिळाशीच्या लोकांनी जंगलचा कायदा मोडला, पण दिवसाढवळ्या, सांगूनसवरून. १९२२ साली अहमदाबादच्या खटल्यात तर गांधीजींनी गुन्हा कबूल करून न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्याकडे कडक शिक्षा मागितली, आणि सहा वर्षांची कैद झाली. रात्री ओंडका आणणारा काय करतो? पहाटेच्या आत तो गोठ्यामागं दडवतो. हा फरक लहान मुलालाही कळतो.

अवघड गोष्ट पुढं आहे, ती महाडची.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनं १९२४ साली आपलं चवदार तळं खुलं केलं. कागदावर बरं का! प्रत्यक्षात तिथं पाणी प्यायला जाण्याची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. यात त्यांनी कायदा मोडला काय? मुळीच नाही. मोडली ती रूढी. कायदा मोडला तो परत निघालेल्या लोकांना काठ्यांनी मारणाऱ्यांनी. आंबेडकरांनी आपल्या माणसांना उलट हात उगारू दिला नाही.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा विरोधकांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून कोर्टाचा मनाई हुकूम आणला. आता तेच पाणी पिणं म्हणजे कोर्टाचा हुकूम मोडणं झालं! हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीनं जमलेले. त्यांची समजूत घालणं सोपं नव्हतं. आपला झगडा सनातन्यांशी आहे, सरकारलाही अंगावर का घ्यायचं, असा आंबेडकरांचा विचार पडला, आणि सत्याग्रह तहकूब झाला. मला वाटतं, मार्चमधल्या धैर्यापेक्षा हे धैर्य कमी नव्हतं. चिडलेल्या माणसाला पुढं नेणं जमतं. त्याला थांबवणं फार थोड्यांना जमतं.

खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानं निकाल आंबेडकरांच्या बाजूनं दिला. अनादी काळापासूनची वहिवाट म्हणून विरोधक जे सांगत होते, ते त्यांना सिद्ध करता आलं नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना आंबेडकर म्हणाले, सनदशीर मार्ग बंद होते तेव्हा कायदेभंगाला आधार होता. आता मार्ग खुले असताना सत्याग्रहसुद्धा सोडून दिला पाहिजे. मताचा हक्क आहे, कोर्ट आहे, हे खरं, आणि मला त्यांचं म्हणणं पुष्कळसं पटतं. तरी एक खडा टोचत राहतो. मनाई हुकूमापासून निकालापर्यंत नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. मार्ग खुला होता, पण इतका लांब! खेड्यातल्या ज्या माणसाजवळ वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि ज्याची पाण्याची पाळी आज आहे, त्याला "मार्ग खुला आहे" हे किती वेळा सांगायचं? मास्तरांनी हा प्रश्न वर्गात जरूर काढावा, आणि मुलांचं बोलणं संपेपर्यंत आपलं उत्तर सांगू नये.