गर्जेल तो पडेल काय?

वैशाख सरत आला, की घोड नदीकाठच्या शिरूर आणि भीमेकाठच्या दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांची दृष्टी आकाशाकडे लागते. सकाळभर ऊन रखरखत असते. दुपार कलली, की क्षितिजावर पांढऱ्या ढगांचे मनोरे उभे राहू लागतात. पाहता पाहता ते काळवंडतात, धुळीचे लोट उठतात, विजा चमकतात आणि कडकडाटाने सारे रान दणाणून जाते. टपोरे थेंब पडतात, क्वचित गाराही पडतात आणि थोड्याच वेळात सारे शांत होते. एक शिवार भिजते, तर शेजारचे कोरडेच राहते. हाच वळवाचा पाऊस होय.

आषाढात सह्याद्रीच्या माथ्यावर याच्या अगदी उलट दृश्य दिसते. महाबळेश्वर येथे दिवसचे दिवस संततधार लागलेली असते. तेथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शिरूर-दौंडच्या वाट्याला मात्र सुमारे ५०० मिलिमीटरच येतो. तरीही आषाढातील त्या मुसळधार पावसात विजेचा कडकडाट क्वचितच ऐकू येतो. ‘गर्जेल तो पडेल काय?’ ही म्हण खरे पाहता माणसांच्या स्वभावाविषयी आहे. परंतु ढगांनाही ती बरीच लागू पडते. भरपूर पाऊस देणारा ढग मुका आणि थोडा देणारा बोलका, असे का व्हावे?

पावसासाठी पाण्याचे थेंब पुरेसे असतात. विजेसाठी मात्र ढगात बर्फही लागतो. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि वेगाने वर चढते. या वाऱ्याबरोबर बाष्पही उंच जाते. आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाखाली उतरते. तेथे बर्फाचे बारीक स्फटिक आणि गारांचे मऊ कण तयार होतात. वर जाणारे हलके स्फटिक आणि खाली येऊ पाहणारे जड कण एकमेकांवर आदळतात. या घर्षणाने बहुधा स्फटिकांवर धन विद्युत्भार येतो आणि जड कणांवर ऋण. स्फटिक ढगाच्या माथ्याकडे जातात, जड कण मध्यभागी राहतात. असे भार साठत गेले, की अखेर हवेचा अडसर तुटतो आणि वीज कडाडते. तिच्या वाटेतील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते व एकदम प्रसरण पावते. तोच गडगडाट होय.

पावसाळ्यातील घाटमाथ्यावरचे ढग बहुधा इतके उंच जात नाहीत. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते. तिच्यातील लहान थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि बर्फ होण्यापूर्वीच बरसतात. जेथे बर्फ नाही, तेथे विजेचा साठाही होत नाही. घाटावरच ढग असे रिते झाल्यामुळे पूर्वेकडील शिरूर-दौंडच्या रानाला वळवाच्या आणि हस्ताच्या गर्जणाऱ्या पावसाची वाट पाहावी लागते.

समुद्रावरील प्रचंड चक्रीवादळांतही हाच नियम बऱ्याच अंशी दिसतो. शेकडो किलोमीटर पसरलेल्या अशा वादळाच्या मध्यभागी शांत ‘डोळा’ असतो आणि त्याभोवती ढगांची भिंत असते. सर्वांत जोराचा पाऊस या भिंतीत पडतो. विजा मात्र पुष्कळदा बाहेरच्या ढगांच्या पट्ट्यांत अधिक चमकतात. भिंतीतील हवा तिरपी व तुलनेने संथ गतीने चढते, त्यामुळे पुष्कळसे पाणी गोठण्याच्या उंचीपूर्वीच पावसाच्या रूपाने गळून पडते. या भिंतीत एकाएकी विजा वाढल्या, तर वादळ बळावत असण्याचा संभव असतो. म्हणून शास्त्रज्ञ तिकडे बारकाईने पाहतात.

अशा मोठ्या प्रणालीचा पाऊस किती दूर पोहोचतो, याचा अनुभव दौंड तालुक्याने ऑक्टोबर २०२० मध्ये घेतला. बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र १३ ऑक्टोबर रोजी आंध्र प्रदेशाचा किनारा ओलांडून तेलंगणातून महाराष्ट्राकडे सरकले. सोलापूर आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात अतिवृष्टी झाली आणि कोरडे ओढे दुथडी भरून वाहू लागले. वळवाचा पाऊस शिवारापुरता. हा पाऊस जिल्हेच्या जिल्हे व्यापणारा!

म्हणून म्हणीवर विसंबून गर्जणाऱ्या ढगाला मात्र कोणी हलके लेखू नये. पाऊस थोडा म्हणून धोका थोडा, असे नाही. पावसाची सर पडत असते तेथून कित्येक किलोमीटर दूर, कोरड्या रानातही वीज पडू शकते. गडगडाट कानी आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो, असे समजावे. शेतात राबणारा शेतकरी आणि मेंढरांमागे फिरणारा मेंढपाळ यांना तर हे जाणणे जिवाइतके मोलाचे आहे. एकाकी बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या आडोशाला उभे राहू नये. विहीर, पाट, तारेचे कुंपण यांपासून दूर व्हावे. पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी. आडोसा नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. विजेचा आघात झालेल्या माणसाला स्पर्श करण्यात धोका नसतो; त्याला तत्काळ मदत करावी.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांची नोंद घेणारी केंद्रे उभारली असून ‘दामिनी’ या भ्रमणध्वनीवरील सेवेद्वारे जवळपासच्या विजेची सूचना मिळते. यंत्र जवळ नसले, तरी कान असतातच. मुक्या ढगाकडून पाण्याची आशा धरावी. बोलक्या ढगाचे बोलणे मात्र वेळीच ऐकावे!