जुन्या गिअरचा हरवलेला स्क्रू

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे सायकल म्हटली की डोळ्यांपुढे येते ती काळी, जड, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेमची सायकल. कॅरिअरला दुधाच्या किटल्या, दांडीवर पोरगं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत अशाच सायकली जास्त. त्यांना गिअर नसायचा आणि त्याची कुणाला गरजही वाटायची नाही. भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा हा मुलूख बराचसा सपाट. घाट चढायचाच नसेल तर गिअर कशाला?

तरी गिअरच्या सायकली इथवर आल्याच. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढायचा असतो. त्यात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. असल्या शर्यतींसाठी लोकांनी हौसेनं परदेशी गिअर मिळवले. शर्यती सुटल्या की त्या सायकली पुतण्याकडे, भाच्याकडे जात. माझं लहानपण दौंडला गेलं, नोकरी शिरूरला झाली. दोन्हीकडे अशा सायकली मी माळ्यावर धूळ खात पडलेल्या पाहिल्या. निवृत्तीनंतर मी त्या दुरुस्त करायला घेतल्या. तेव्हा कळलं, की सायकल पडून राहते ती मोठ्या मोडतोडीमुळे क्वचितच. बहुतेक वेळा एखादा नखाएवढा भाग हरवलेला असतो.

हा गिअर म्हणजे नेमकं काय? मागच्या चाकाला लहान-मोठी पाच-सहा दातेरी चक्रं असतात. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी यंत्रणा म्हणजे डिरेलर. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण तिथं डिरेलर वापरायला परवानगी मिळाली १९३७ साली. चालक आंरी देग्रांज यांना वाटायचं, की शर्यत पायांनी जिंकावी, यंत्रानं नव्हे. पुढं इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलो यांच्या कारखान्यानं १९५१ च्या सुमारास समांतरभुज चौकोनासारखा हलणारा गिअर बाजारात रुळवला. १९६४ साली जपानच्या सनटूरनं तो चौकोन तिरका बसवला. त्यामुळं चेन प्रत्येक चक्राच्या जवळ राहू लागली. आजचे बहुतेक गिअर त्याच तत्त्वावर चालतात.

म्हणजे तत्त्व तेच राहिलं, पण स्क्रू, वायसर, स्प्रिंगा प्रत्येकाच्या वेगळ्या. त्या शोधायच्या कशा?

पहिलं काम ओळख पटवण्याचं. गिअर रॉकेलनं धुवा. मळाखाली कंपनीचं नाव, कधी मॉडेल कोरलेलं सापडतं. दुसरं काम मापाचं. ‘असाच एक बोल्ट द्या’ म्हणून भागत नाही. व्हर्नियरनं जाडी घ्या आणि आटे मोजा. जपानी गिअरमध्ये पुली धरणारा बोल्ट बहुधा ५ मिलिमीटरचा, दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. हा शिरूरच्या कुठल्याही चांगल्या नट-बोल्टच्या दुकानात मिळतो. सायकलला पाण्याची बाटली अडकवायची चौकट ज्या बोल्टनं बसते, तोही सहसा हाच.

गिअर फ्रेमला अडकवणारा मोठा बोल्ट १० मिलिमीटरचा. जपानी पद्धतीत आट्यांचं अंतर १ मिलिमीटर, तर जुन्या इटालियन पद्धतीत इंचाला २६ आटे, म्हणजे सुमारे ०.९८ मिलिमीटर. फरक केसाएवढा. आटे थोडेच असल्यानं एकाचा बोल्ट दुसऱ्यात चालून जातो. मात्र सुरुवातीचे दोन-तीन आटे हातानं फिरले पाहिजेत. पाना लावून दामटलं तर फ्रेमचेच आटे जातात, आणि मग पाच रुपयांचं काम फ्रेमवर येतं.

पुलीचंही तसंच. चेनच्या दोन कड्यांमधलं अंतर अर्धा इंच, ते आजही तेच आहे. म्हणून दाते, जाडी आणि मधलं भोक जुळलं की आजची पुली जुन्या गिअरला बसते. नुसती आतली बुशिंग झिजली असेल तर टर्नरकडून पितळेची करून घ्यावी. रांजणगावची औद्योगिक वसाहत आल्यापासून शिरूर परिसरात लेथची दुकानं वाढली. काम लहान असतं, म्हणून दुपारच्या मोकळ्या वेळेत जावं आणि नमुना हातात ठेवून बोलावं.

सर्वांत जास्त हरवतो तो केबलच्या बोल्टखालचा खाच असलेला वायसर. गिअरची तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास, ब्रेकच्या तारेपेक्षा बारीक. साधा वायसर घातला तर ती निसटते. साध्या जाड वायसरला कानशीनं उथळ खाच पाडली की काम होतं.

पण सगळ्याच ठिकाणी जुगाड चालत नाही. गिअरवर दोन बारीक स्क्रू असतात. एक चेनला सर्वांत लहान चक्राच्या बाहेर जाऊ देत नाही, दुसरा सर्वांत मोठ्या चक्राच्या आत जाऊ देत नाही. हा दुसरा नसेल तर चेन किंवा गिअर थेट आऱ्यांत शिरतो, चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस डोक्यावर पडतो. न्हावरा-चौफुला रस्त्यावर मागून उसाची ट्रॉली येत असेल, तर पुढचं सांगायला नको. हा स्क्रू बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नये. तसंच स्प्रिंगचं. ती डावी-उजवी अशी वळवलेली असते. साध्या तारेची उलटी वळवलेली स्प्रिंग काही दिवसांत मान टाकते. प्लास्टिकच्या जुन्या गिअरला तडा गेला असेल तर तो डिंकानं सांधण्याच्या फंदात पडू नये. तो आठवण म्हणून ठेवावा.

स्क्रू आणि स्प्रिंगसाठी उत्तम मार्ग म्हणजे दुसरा मोडका गिअर. भंगारवाल्याला सांगून ठेवा, की सायकलचा गिअर आला तर वजनात घालू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी चक्कर मारा. आणि जुनी सायकल मुळात कशी दिसायची हे पाहायचं असेल, तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथं सुटे भाग विकत मिळणार नाहीत, पण डोळा तयार होतो.

जुने सायकल दुरुस्तीवाले आता थोडेच उरलेत. त्यांच्या दुकानात डबे असतात, त्यात चाळीस वर्षांचे छर्रे, कोन, नट पडलेले असतात. दुकान बंद झालं की डबा किलोवर जातो. डब्यातलं काय कुठं बसतं, हे त्या माणसालाच ठाऊक असतं. म्हणून त्यांच्याकडं जाल तेव्हा सुटा भाग मागाच, पण शेजारी बसून तो कशाचा हेही विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. घरी गिअर उघडाल तेव्हा खाली पांढरं फडकं अंथरा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू लगेच काड्यापेटीत टाका.