मुंबईच्या प्लेगचा आलेख आणि गणिती प्रतिमानाची परीक्षा

जनपदोध्वंसाचे विवेचन करताना चरकसंहितेच्या विमानस्थानात वायू, उदक, देश आणि काळ या चार भावांच्या विकृतीचा विचार केला आहे, हे वैद्यबंधू-भगिनींना सांगावयास नको. आधुनिक गणितज्ञही साथीच्या रोगांचा विचार आपल्या पद्धतीने करतात. त्यांची समीकरणे वृत्तपत्रांतून आपल्यासमोर येतात तेव्हा ती स्वीकारावीत की नाकारावीत, हे बहुधा आपण केवळ आवडीनिवडीवर ठरवितो. वास्तविक अशा प्रतिमानाची परीक्षा करता येते, आणि त्यासाठी मुंबईचेच एक प्रसिद्ध उदाहरण उपलब्ध आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला व पुढे वर्षानुवर्षे येत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे घेऊन एडिंबरो येथील कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत राहिलेले, कसौली येथे काम केलेले डॉक्टर; तर कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले. डोळ्यांपुढे कागद नसताना या गृहस्थाने असे गणित करावे, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

त्यांची कल्पना सोपी आहे. लोकसंख्येचे तीन गट करावयाचे: रोग होऊ शकेल असे रोगग्राही, प्रत्यक्ष रोगी, आणि बरे होऊन अथवा मृत्यू पावून साखळीतून बाहेर पडलेले. रोगग्राही व रोगी यांची गाठ जितकी अधिक पडेल तितक्या वेगाने नवे रोगी निर्माण होतील, आणि रोग्यांपैकी ठराविक हिस्सा दर आठवड्यास बाहेर पडेल. कोणती राशी कोणत्या वेगाने बदलते हे सांगणारे असे विधान म्हणजेच अवकल समीकरण, जे महाविद्यालयात आपण डिफरन्शियल इक्वेशन या नावाने ऐकले. ही समीकरणे सोडविली की घंटेच्या आकाराचा वक्र मिळतो. मुंबईसाठी त्यांनी तो अवघ्या तीन अंकांत बसविला: ८९०, ०.२ आणि ३.४. पहिला अंक सर्वांत वाईट आठवड्यातील मृत्यू सांगतो, दुसरा साथीच्या चढउताराचा वेग, आणि तिसऱ्यावरून ती शिखरावर केव्हा पोहोचली ते कळते. ३.४ ला ०.२ ने भागल्यास १७ आठवडे येतात, म्हणजे एप्रिलचा मध्य. नोंदलेले मृत्यूचे आकडे या वक्राच्या अगदी जवळून जातात. पाठ्यपुस्तकांतून ही आकृती पुनःपुन्हा छापली गेली, ती प्रतिमान खरे ठरल्याचा पुरावा म्हणून.

परंतु वक्र जुळणे हा पुरावा कितपत बळकट आहे? आपल्या वादमार्गात सव्यभिचार हेतू म्हणून जो दोष सांगितला आहे, जो हेतू एका पक्षासही लागू पडतो व विरुद्ध पक्षासही, तोच दोष येथे संभवतो. घंटेसारखा वक्र अनेक कारणांनी निर्माण होऊ शकतो. म्हणून प्रतिमानातील स्थिरांकांचा शरीरात व समाजात काय अर्थ होतो, हे तपासले पाहिजे.

ते करून पाहू. त्या तीन अंकांवरून एकूण मृत्यू सुमारे ८,९०० निघतात आणि साथीच्या आरंभीचा वाढीचा वेग आठवड्यास सुमारे ०.४ येतो. १९०६ च्या गणनेनुसार मुंबईची लोकसंख्या पावणेदहा लाखांच्या आसपास होती. हे सर्वच लोक रोगग्राही मानले, तर त्यांतील जेमतेम एक टक्का बळी घेऊन साथ थांबली. याचा अर्थ एका रोग्यापासून सरासरी १.००५ व्यक्तींनाच रोग जडत होता. इतक्या क्षीण प्रसारातून आठवड्यास ०.४ ची वाढ साधावयाची, तर प्रत्येक रोगी सुमारे दोन तासच संसर्गकारक असावयास हवा! प्लेगचा रोगी दोन तासांत ना बरा होतो ना मरतो. उलटपक्षी हा काळ चार दिवसांचा धरला, तर रोगग्राही पंचवीस-तीस हजारच भरतात. मग उरलेले साडेनऊ लाख लोक कशामुळे सुरक्षित राहिले, याचे उत्तर समीकरणात कोठेच नाही. वक्र मात्र दोन्ही प्रकारे तोच.

दुसरी परीक्षा पुढील काळाची. प्रतिमानानुसार साथ ओसरते ती रोगग्राही कमी झाल्यामुळे. तसे असते तर पुढच्याच वर्षी त्याच ऋतूत प्लेग पुन्हा डोके वर काढता ना. प्रत्यक्षात तो दरवर्षी हिवाळ्यात वाढे, वसंतात शिखर गाठी आणि उष्मा वाढला की उतरे. कारण मनुष्यातील प्लेग ही उंदरांतील प्लेगची छाया, आणि उंदरावरील पिसवांचे बळ हवामानावर अवलंबून. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ साली उंदीर, पिसवा व ऋतुमान समाविष्ट करून हेच आकडे पुन्हा तपासले. चरकोक्त चार भावांपैकी काळ हा भाव मूळ प्रतिमानात नव्हता, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. मात्र यावरून आपल्या ग्रंथांत पिसवांचे गणित होते, असा दावा कोणी करू नये.

कर्मॅक व मॅकेंड्रिक यांच्यावर अन्यायही होऊ नये. आपली गृहीतके काटेकोर पाळली जात नाहीत, समीकरण फार ढोबळ आहे आणि त्यातून स्थिरांकांच्या खऱ्या किमती काढू नयेत, असा इशारा त्यांनी निबंधातच दिला होता. आकृती उतरविणाऱ्यांनी तो उतरविला नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने गणिती प्रतिमानाच्या आधारे कोविडची साथ फेब्रुवारी २०२१ पर्यंत आटोक्यात येईल असा अंदाज वर्तविला होता. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. मागील आकड्यांशी वक्र जुळला, तरी विषाणूच बदलला तर जुने स्थिरांक निरुपयोगी ठरतात.

हीच कसोटी आपल्या दाव्यांनाही लावावी लागते. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा प्रस्तुत लेखकाने सहकारी वैद्यांसमवेत गावोगाव काढा वाटला. वाटप सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रुग्ण घटत गेले, आणि तसे टिपण आम्ही तालुक्याच्या सभेत मोठ्या अभिमानाने वाचले. साथ तोवर शिखर ओलांडून उताराला लागली होती काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. काढा न वाटलेल्या शेजारच्या गावांत काय घडले हेही कोणी पाहिले नाही. ती वही अद्याप जवळ आहे. तीत आठवडा आहे, रुग्णसंख्या आहे, काढ्याचे मापही आहे. पाऊस केव्हा थांबला व डास केव्हा कमी झाले याची एक ओळही नाही.