नवीन मशीन नको, नंबर सांगा!

सकाळचे साडेसहा. धारा काढून झालेल्या, डेअरीची गाडी यायला अजून अर्धा तास. आमच्या मागच्या वस्तीवरच्या वहिनींनी कडबा कुट्टीचं बटन दाबलं आणि मशीनने असा काही कर्कश आवाज केला, की दावणीच्या गायी उठून उभ्या राहिल्या. पाठोपाठ जळका वास. मशीन बंद.

आता शहरातल्या मैत्रिणी म्हणतील, त्यात काय एवढं, एक दिवस कडबा तसाच टाकायचा! पण ज्यांच्या दारात चार जनावरं आहेत त्यांना विचारा. अख्खा कडबा पुढ्यात टाकला की गाय पाला तेवढा खाते आणि धांडे पायाखाली तुडवते. बचत गटाच्या कामासाठी वस्त्या-वस्त्यांवर फिरते म्हणून सांगते, नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडी मात्र अजून नगरच) कितीतरी घरांचा किराणा आणि मुलांच्या फिया दुधाच्या पगारावर चालतात. कुट्टी थांबली की वैरण वाया जाते, आणि मग दूध. २०१९ च्या दुष्काळात छावणीच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला तर वैरणीच्या एकेका पेंढीची किंमत वेगळी सांगायला नको.

वहिनींचं मशीन २००६ सालचं. नावाची पट्टी कधीच गळून पडलेली. तालुक्याच्या दुकानात त्यांनी मुलाला पाठवलं, तर उत्तर आलं, "हे मॉडेल बंद झालं. याचे पार्ट मिळत नाहीत. नवीन घेऊन टाका." नवीन म्हणजे वीस-बावीस हजार. वहिनी माझ्याकडे आल्या त्या गटातून कर्ज मिळेल का, हे विचारायला. आणि नाहीच मिळालं तर कालवड विकायची, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं. ती कालवड पुढच्या वर्षी दुधात येणार होती हो! धाकटीच्या नर्सिंगच्या फीचा हिशेब त्याच कालवडीवर मांडलेला.

मी बीए मराठी. मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, नागापूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होते. त्यांना घेऊन वस्तीवर गेलो. आजोबांनी चाक हाताने फिरवून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, "मशीन कुठं बिघडलंय? बेअरिंग गेलंय, अन् सील गेलंय. मॉडेल बंद झालं म्हणून बेअरिंग थोडंच बंद होतं! नंबर बघा."

हा नंबर म्हणजे काय, ते त्या दिवशी गोठ्यात बसून आम्ही दोघी शिकलो. बेअरिंग काढून रॉकेलच्या जुन्या डब्यात उरलेल्या थेंबभर डिझेलने पुसलं (रॉकेल आता मिळतंय कुठं!), तर कडीच्या कडेवर बारीक अक्षरात कोरलेलं दिसलं, ६२०४. आजोबा म्हणाले, "शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा." चार पंचे वीस. म्हणजे आतलं भोक वीस मिलिमीटरचं. ६२०५ असेल तर पंचवीस, ६२०६ असेल तर तीस. अगदी लहान बेअरिंगना मात्र हा पाढा लागू नाही. ६२०० चं भोक दहा, ६२०१ चं बारा, ६२०२ चं पंधरा आणि ६२०३ चं सतरा. नंबर झिजून गेला असेल तर व्हर्नियरने तीन मापं घ्यायची, आतलं भोक, बाहेरचा घेर आणि जाडी. वीस, सत्तेचाळीस, चौदा म्हटलं की दुकानदार डोळे मिटून ६२०४ काढून देतो. लेथवाल्याकडे व्हर्नियर असतोच, दोन मिनिटांचं काम.

आणि गंमत म्हणजे ही मापं जगभर सारखीच. जयपूरच्या एनबीसीचं घ्या नाहीतर चिंचवडच्या एसकेएफचं, ६२०४ म्हणजे ६२०४. मशीन बनवणारी कंपनी असो वा नसो. आपल्याच नगरमध्ये बनलेली, १९७२ साली आलेली लूना आठवते ना? तिची मापाची बेअरिंगं अजून मिळतात ती याच कारणाने. आपण मात्र दुकानात जाऊन "कुट्टी मशीनचं बेअरिंग द्या" म्हणतो, आणि समोरचा "कुठल्या कंपनीचं?" विचारतो. तिथेच गाडी अडते.

नंबरापुढच्या अक्षरांकडेही बघायचं. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबराचं. कुट्टीच्या भुश्यात आणि धुळीत रबराचं झाकण जास्त टिकतं. वहिनींच्या मशीनमध्ये कोणीतरी मागे उघडं बेअरिंग बसवलेलं. आतलं ग्रीस आणि भुसा यांचा अगदी पेंड झाला होता.

पात्यांच्या मोठ्या चाकाचा दांडा ज्या दोन बिडाच्या ठोकळ्यांत फिरतो, त्यांवर यूसीपी २०५ असं लिहिलेलं होतं. आम्हाला वाटलं, अख्खा ठोकळा बदलावा लागणार. आजोबा म्हणाले, बीड चांगलं आहे, नुसतं आतलं यूसी २०५ आणा. आडवं फिरवून ते ठोकळ्यातून निघतं आणि नवीन तसंच बसतं. दुकानदार हे आपणहून सांगतीलच असं नाही.

सीलची गोष्ट जरा वेगळी. सील म्हणजे दांड्याभोवती बसणारी रबरी कडी, आतलं तेल बाहेर येऊ न देणारी आणि बाहेरची धूळ आत जाऊ न देणारी. तिच्यावर तीन आकडे असतात. आमच्या सीलवर २०-३५-७ होते, म्हणजे दांडा वीसचा, घर पस्तीसचं, जाडी सात. बसवताना बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत. उलटी बसवली की आठ दिवसांत पुन्हा गळती.

या पन्नास रुपयांच्या रबरावर मी इतकं का लिहितेय? सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल गळतं. तेल पट्ट्यावर उडालं की पट्टा घसरतो. गिअर कोरडे पडले की वैरण आत ओढणारे रोलर अडखळतात. आणि रोलर अडखळले की आपण काय करतो? हाताने ढकलतो! शेजारच्या गावातल्या एका मावशींची दोन बोटं अशीच गेली. त्या दिवशीही मशीन "जरा अडकत" होतं, एवढंच. वहिनींना मी विचारलं, तुम्ही ढकलता का? त्या आधी नाही म्हणाल्या. मग हसल्या. मग म्हणाल्या, "महिना झाला, रोजच ढकलते."

दुसऱ्या दिवशी एसटीने आम्ही दोघी माळीवाड्याला उतरलो. चिठ्ठीवर फक्त नंबर. पहिल्या दुकानात सील नव्हतं. दुसऱ्या दुकानातल्या पोराने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे कोणी पुरुषमाणूस आहे का ते पाहिलं आणि मग चिठ्ठी वाचली. "६२०४ टूआरएस दोन, यूसी २०५ दोन, सील २०-३५-७ एक. काकू, हे तुम्ही लिहिलंय?" वहिनी म्हणाल्या, "मग काय तुमच्या काकांनी?" सगळं मिळून बिल झालं अकराशे चाळीस. एक बेअरिंग त्याने निम्म्या किमतीत देऊ केलं होतं, पण खोक्यावरची छपाई पुसट आणि पक्कं बिल द्यायला तयार नाही. नकली माल असाच खपतो. आम्ही ते परत ठेवलं.

बसवण्याचं काम आजोबांनी केलं, वहिनींच्या हातून. दांड्यावर बेअरिंग बसवताना आतल्या कडीवरच दाब द्यायचा, बाहेरच्या कडीवर हातोडी घातली की नवं बेअरिंगही तिथल्या तिथे खराब. पट्टा फार ताणायचा नाही. पाती बदलायची तर सगळी एकदम, एकच बदलली तर चाकाचा तोल जातो आणि बेअरिंग लवकर जातं. आणि हे सगळं करण्याआधी नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिन उपसून खिशात... म्हणजे आपल्या बाबतीत कनवटीला. बटन बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगितलं, तर आमच्या शाळेतल्या बाईंनी वेगळाच प्रश्न काढला. शाळेच्या बागेतलं ढकलायचं गवत कापायचं जुनं मशीन दोन वर्षं अडगळीत पडलंय, त्याचं काय? उघडून पाहिलं तर त्यात नंबरवालं बेअरिंगच नाही! सायकलच्या चाकात असतात तशा सुट्या गोळ्या, वाटीत बसवलेल्या. असली मशीनं मूळची इंग्लंडची. १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून ती कल्पना घेतली. आमच्या मशीनच्या गोळ्या मात्र बाजारतळाजवळच्या सायकलवाल्याकडे मिळाल्या, मागच्या चाकाच्या, पाव इंची. वाटी शाबूत होती म्हणून जमलं. वाटी झिजली असती तर लेथवाल्याकडे जावं लागलं असतं.

वहिनींनी आता गोठ्याच्या दारामागे खडूने सगळे नंबर लिहून ठेवलेत. शेजारी मोटरच्या बेअरिंगचा नंबर आहे, खाली ग्रीस भरल्याची तारीख. गेल्या आठवड्यात वस्तीवरच्या दोघीजणी येऊन ते उतरवून घेऊन गेल्या. त्यांची मशीनं वेगळी, नंबर वेगळे निघतील, हे वहिनींनी त्यांना सांगितलं आणि डिझेलचा बोळा हातात देऊन स्वतःच त्यांच्याबरोबर गेल्या. कालवड अजून दारातच आहे. परवा मला ढुशी मारली तिने.