रानपिंगळ्याची प्रजाती कोणती? (लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात जाती कशी ठरते ते पाहिले. प्रजातीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अनेक जातींना एका प्रजातीत बसवणे म्हणजे त्यांचा पूर्वज एक होता असे विधान करणे, आणि नवा पुरावा आला की हे विधान पुन्हा तपासावे लागते. सातपुड्यातल्या रानपिंगळ्याचे शास्त्रीय नाव दीडशे वर्षांत बदलले, मग जुने परत आले, मग पुन्हा बदलले. यात शास्त्रज्ञांची लहर पाहणे मला साफ चुकीचे वाटते.

१८७२ साली ब्लूइट यांना आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले आणि त्याच्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ ही स्वतंत्र प्रजाती उभी केली. आपल्या गावाशेजारचा पिंगळा मात्र ‘अथीनी’ प्रजातीतला. ह्यूम यांना दिसलेला फरक खोटा नव्हता: रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके अगदी पुसट, पाय दणकट आणि पिसांनी मढलेले, नख्या मोठ्या. तरीही पुढे डिलन रिप्ले यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याला अथीनीत घेतले. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत सापडला, आणि त्यानंतर हेटेरोग्लॉक्सचे पारडे पुन्हा जड झाले. तोवर अभ्यासाला होती ती जेमतेम सात कातडी, सगळी १८८४ पर्यंतची. त्यातले एक तर मायनर्ट्झहागेन यांनी संग्रहालयातून चोरून, १९१४ साली गुजरातेत मिळवल्याची खोटी चिठ्ठी लावलेले निघाले. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर मते झुलणारच.

खरी अडचण मात्र सामग्रीच्या पलीकडची होती. मोठ्या नख्या आणि भरदार पाय पक्षी कसा जगतो ते सांगतात. तो कोणाच्या वंशातला हे त्यांवरून ठरतेच असे नाही. शिकारीची रीत बदलली तर सख्ख्या शाखेचे रूपही वेगळे होऊ शकते. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी अनेक जनुकांचे क्रम आणि आवाज तपासले, तेव्हा रानपिंगळा अथीनीच्या शाखांच्या आतच बसला आणि साध्या पिंगळ्याशी त्याचा समान पूर्वज दिसला.

यावर एक आक्षेप रास्त आहे: प्रजातीची सीमा शेवटी माणूसच आखतो, मग ह्यूमचे नाव का ठेवू नये? सीमा माणूस आखतो हे मान्यच आहे. पण आतली एक फांदी वेगळी काढून उरलेल्यांना अथीनी म्हटले, तर ते नाव एका पूर्वजाचे सगळे वंशज दाखवत नाही. हेटेरोग्लॉक्स राखायचे असेल तर अथीनीचेच तुकडे करावे लागतील, आणि तेवढी उलथापालथ करण्याजोगे कारण मला दिसत नाही. शिवाय ह्यूम पुसले गेलेले नाहीत. ‘ब्लूइटी’ हे जातिनाम १८७३ पासून तेच आहे, आणि पूर्ण नावात आता ‘(ह्यूम, १८७३)’ असा कंस येतो. जातीची प्रजाती नंतर बदलली, हे तो कंसच सांगतो.

दुसरी भीती संवर्धनाची: स्वतंत्र प्रजातीचा मान गेला की पक्ष्याकडे दुर्लक्ष होईल. पण धोक्याची श्रेणी जातीला मिळते, प्रजातीला नाही. २०१८ मध्येच रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आला, तो नवी ठिकाणे सापडल्यामुळे; नावाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मेळघाट, यावल, तोरणमाळच्या सागवनांत त्याला लागणाऱ्या जुन्या झाडांच्या ढोल्या तुटतात, तो धोका दोन्ही नावांखाली सारखाच आहे.