बालवाडीची प्रमुख आणि परिसर

पर्यावरणाचे शिक्षण म्हटले की शिक्षकाने वर्गात सांगावयाचा एखादा पाठ आपल्या डोळ्यांसमोर येतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत मात्र पाठाने फारसे काही साधत नाही. बालवाडीत कोणते साहित्य यावे, मुलांनी दिवसाचा किती वेळ उघड्यावर घालवावा, मोडलेले खेळणे दुरुस्त करावे की फेकून द्यावे, यांवरून मूल शिकते. आणि हे निर्णय शिक्षिकेच्या आधी संस्थेच्या प्रमुखाने घेतलेले असतात.

ताराबाई मोडक यांचे कार्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. जी मुले बालवाडीकडे येईनात, त्यांच्या वस्तीतील अंगणातच बालवाडी नेण्यात आली; तीच अंगणवाडी. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही चालविली.

हे सारे त्यांनी पर्यावरणरक्षणासाठी केले, असे म्हणणे म्हणजे त्या कार्याला मागाहून अर्थ चिकटविणे होय. ‘शाश्वत विकास’ ही कल्पना जगभर रूढ झाली ती १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालानंतर. बोर्डीची काटकसर गरजेपोटी आलेली होती. परंतु त्या गरजेला उणीव न समजता तिच्यावरच शिक्षणाची उभारणी करावयाची, हा निर्णय प्रमुखाचा होता. दुसरे कोणी असते तर देणगीची वाट पाहत बसले असते.

आजच्या प्रमुखापुढील अडचण नेमकी उलटी आहे. प्लास्टिकचे रंगीत संच बाजारात सहज मिळतात आणि पालकांच्या नजरेतही भरतात. शिंपल्यांच्या टोपलीची पावती मिळत नाही, आणि हिशेबतपासनिसास पावती हवी असते. मुलांना ओढ्याकाठी न्यावयाचे तर एखादे घसरून पडल्यास जाब कोणी द्यावयाचा? ही जबाबदारी प्रमुखाने आपल्या शिरावर घेतली नाही, तर शिक्षिका दार लावून घेते आणि भिंतीवरील झाडाचे चित्र मुलांना दाखविते.