मोटारीचे नाक

चिखली हे इंद्रायणीकाठचे जुने गाव. वारकरी मंडळी त्याला अजूनही ‘टाळगाव चिखली’ म्हणतात. आता या गावाच्या चोहोंकडे कारखाने उभे आहेत. १९६६ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही कंपनी पिंपरीच्या परिसरात आली. १९९८ च्या अखेरीस विक्रीस निघालेली इंडिका मोटार याच परिसरात तयार होई. उत्तरेस चाकणची औद्योगिक वसाहत आहे. तिकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालमोटारींची रांग रात्रंदिवस तुटत नाही. पावसाळ्यात त्यांच्या चाकांनी रस्त्याच्या कडेला लोटलेला चिखल दिवाळीनंतर वाळतो, पुन्हा त्याच चाकांखाली दळला जातो आणि धूळ होऊन हवेत उडतो. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या काचेवर संध्याकाळी बोटाने आपले नाव लिहिता येते!

ही धूळ श्वासाबरोबर आपल्या नाकात शिरते. नाकातील केस आणि ओलावा तिला बरीचशी अडवून धरतात, म्हणून आपली फुप्फुसे पुष्कळशी सुरक्षित राहतात. परंतु त्याच रस्त्यावरून जाणारी मोटारही श्वास घेत असते. तिचे नाक कोठे असते?

मुलांनो, मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे. पेट्रोल जळावयाचे तर हवा हवी, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. १ किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा वजनाने हलकी असल्यामुळे एवढ्या हवेचे आकारमान फार मोठे होते. १ लिटर पेट्रोलामागे ९,००० ते १०,००० लिटर हवा खर्च होते, असा हिशेब आहे. एक माणूस दिवसभरात साधारणपणे एवढीच हवा श्वासावाटे घेतो. लिटरमागे २० किलोमीटर धावणारी मोटार हे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकते! अशी मोटार १०,००० किलोमीटर चालली, म्हणजे तिने ५०० लिटर पेट्रोल आणि ४५ ते ५० लाख लिटर हवा पोटात घेतली असे समजावे. त्या हवेबरोबर रस्त्यावरची धूळही आत गेली तर इंजिनाचे काय होईल?

इंजिनात सिलिंडर नावाची पोकळ नळकांडी असतात. प्रत्येकात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, अतिशय वेगाने खालीवर होत असतो. दट्ट्याच्या अंगावर बारीक कडी बसविलेली असतात, त्यांना रिंगा म्हणतात. रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. आपला केस असे सुमारे ७० भाग जाड असतो. तेलाचा हा थर त्याच्या मानाने कितीतरी पातळ. धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात, आणि गार लोखंडापेक्षा कठीण आहे. असा कण तेलात मिसळला, की राखेने भांडे घासावे तशी सिलिंडरची भिंत आतून घासली जाऊ लागते. भांडे आपण दिवसातून दोनदा घासतो; इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या तेवढ्याच वेळात २,००० वेळा वर जातो आणि २,००० वेळा खाली येतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यांची इंजिने शत्रूच्या तोफांइतकीच या धुळीलाही भीत असत.

म्हणून इंजिनाच्या श्वासमार्गावर एक गाळणी बसविलेली असते. गॅरेजात तिला ‘एअर फिल्टर’ म्हणतात. आपणही तेच नाव वापरू. जुन्या जीपगाड्यांत तेलाने भिजलेली जाळी हे काम करी, आणि अनेक ट्रॅक्टरांत ती आजही पाहावयास मिळते. आजच्या मोटारीत मात्र बहुधा साध्या दिसणाऱ्या कागदाचा फिल्टर असतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीत पेट्रोल जाळणारे इंजिनच नसते, तेव्हा तिला या नाकाची गरज नाही.

आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ आपल्या मोटारीतून चाकणच्या कामगारांची ने-आण करीत. ती मोटार म्हणजे त्यांच्या घराचे पोट होते. मोठे व्यवस्थित गृहस्थ! दर रविवारी सकाळी ते फिल्टर बाहेर काढीत, जवळच्या पंक्चरच्या दुकानात नेऊन त्यावर जोराने हवा मारून घेत आणि कागद पांढरा दिसू लागला की समाधानाने परत बसवीत. त्यांची ही दक्षता पाहून मी स्वतः त्यांचे कौतुक केले होते. दोन वर्षे अशी गेली. मग मोटार निळसर धूर सोडू लागली आणि वरचेवर तेल मागू लागली. मिस्त्रीने फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे जाणारी जाड नळी सोडविली आणि आतून बोट फिरविले. ते बोट कोरडे व स्वच्छ निघावयास हवे होते; त्याला करड्या रंगाची धूळ लागली. मग त्याने फिल्टर उन्हासमोर धरला. घडीच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढी तीन भोके चमकली. पुन्हा पुन्हा काढल्या-घातल्यामुळे रबराची कडही एका कोपऱ्यात दुमडली होती.

इंजिन उघडावे लागले. मोटार कित्येक आठवडे गॅरेजात पडून राहिली, आणि तेवढे दिवस हे गृहस्थ दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने ड्रायव्हर म्हणून गेले. त्यांना खर्चाचे दुःख होतेच. पण त्याहून मोठे दुःख निराळे होते. “सर, मी तर दर रविवारी साफ करीत होतो,” एवढेच ते मला म्हणाले. मजजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. पुढे चौकशी केली, वाचले, तेव्हा उलगडा झाला.

फिल्टरचा कागद चहाच्या गाळणीसारखा नसतो. गाळणीत भोकापेक्षा मोठा कण अडतो, लहान कण खाली जातो. तेथे काम संपले. फिल्टरचा कागद म्हणजे असंख्य तंतूंचे दाट रान असते. हवा त्या तंतूंना वळसे घालीत पुढे जाते. घाटातल्या वळणावर सायकल सहज वळते, पण भरधाव मालमोटारीला वळण साधत नाही आणि ती कठड्यावर आदळते, तसेच येथे घडते. हवा वळते, धुळीचा जड कण वळत नाही, तंतूवर आदळतो आणि तेथेच चिकटून बसतो. मागून येणारा कण त्याच्यावर अडतो. अशा रीतीने अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवू लागते. नव्या कोऱ्या कागदातून जेवढी धूळ निसटते, त्याहून कमी धूळ थोड्या मळलेल्या कागदातून निसटते! हे ऐकावयास उलटे वाटते खरे, पण ते सत्य आहे. मळ फारच साचला, हवेला वाट उरेनाशी झाली, म्हणजे मात्र फिल्टर बदलावयासच हवा.

आता आमच्या शेजाऱ्यांचे काय चुकले ते तुमच्या ध्यानात आले असेल. मोटारीच्या टायरात सुमारे ३० ते ३५ पौंडांचा दाब असतो. पंक्चरच्या दुकानातील टाकीत त्याच्या तिप्पट-चौपट दाबाची हवा असते. तिचा झोत जवळून मारला, की धुळीबरोबर तंतूही विस्कटतात. कागद पांढरा दिसतो, आणि इंजिनाचे दार उघडे पडते. काही गाड्यांच्या माहितीपुस्तकात फिल्टर साफ करण्याची मुभा दिलेली असते. ती असेल तर हलक्या हाताने झटकावा, अगर स्वच्छ बाजूकडून सौम्य हवा दुरून द्यावी. पाण्याने तर कागदाचा फिल्टर कधीही धुऊ नये.

मागल्या महिन्यात आमच्या मोटारीचा फिल्टर आम्ही घरीच बदलला. आम्ही म्हणजे मी आणि सातवीत शिकणारी माझी नात. नवा फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. मात्र तो आपल्याच गाडीच्या नमुन्याचा आहे ना, हे जुन्याशेजारी ठेवून पाहावे. लांबी-रुंदीत थोडा जरी फरक पडला, तरी तो निरुपयोगी.

इंजिन बंद करून ते पूर्ण निवू दिले, किल्ली काढून खिशात ठेवली आणि हातब्रेक ओढला. बॉनेट उचलून त्याखाली आधाराची दांडी नीट अडकविली. (हे काम मुलांनी घरातील वडील माणूस जवळ असल्यावाचून करू नये.) फिल्टरचा डबा ओळखणे सोपे आहे : इंजिनाजवळ काळ्या प्लास्टिकचा एक चपटा डबा असतो, आणि त्यातून मनगटाहून जाड अशी नळी इंजिनाकडे गेलेली असते. आमच्या डब्याला चार चाप होते. काही गाड्यांत स्क्रू असतात. चाप उघडताना ते तुटू न देणे आणि जवळच्या बारीक तारा न ओढणे, या दोन गोष्टींची काळजी घेतली, कारण हवेची मोजदाद करणारे नाजूक यंत्र पुष्कळदा तेथेच असते.

झाकण उचलले. फिल्टर कोणत्या बाजूने वर होता, हे नातीने कागदावर चित्र काढून टिपून घेतले. मग तो तिरपा न करता सरळ वर काढला, म्हणजे मळक्या बाजूची धूळ स्वच्छ बाजूला सांडत नाही. डब्याच्या तळाशी पिंपळाची दोन सुकी पाने, मेलेले किडे आणि चिमूटभर माती निघाली. ओलसर फडक्याने तळ पुसून कोरडा केला. इंजिनाकडील नळीचे तोंड तेवढा वेळ स्वच्छ रुमालाने झाकले होते. तो रुमाल आठवणीने काढावा लागतो, हे सांगण्याची गरज नसावी. तरी मी ते तिला दोनदा सांगितले.

जुना फिल्टर हाती येताच नातीने विचारले, “आजोबा, याला साडीसारख्या निऱ्या कशाला?” मी तिला त्या मोजावयास सांगितल्या. निऱ्या ६० भरल्या. फिल्टर २५ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद. प्रत्येक निरी ४ सेंटिमीटर खोल. निरीला दोन अंगे, म्हणजे एका निरीत १६० चौरस सेंटिमीटर कागद आणि सर्व निऱ्यांत मिळून ९,६००. डब्याचे तोंड ५०० चौरस सेंटिमीटरांचे, आणि त्यात जवळजवळ एक चौरस मीटर कागद मावला होता! कागद एवढा पसरला म्हणजे हवेला घाई करावी लागत नाही. ती सावकाश गाळली जाते आणि धूळ साचण्यास जागाही भरपूर मिळते.

नवा फिल्टर बसविताना खरे काम कडेचे असते. रबराची कड खाचेत चारही बाजूंनी सपाट बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहिले. एका कोपऱ्यात ती किंचित वर राहिली होती. काढून पुन्हा बसविली. हवा नेहमी सोपी वाट धरते. कागदातून जाण्यास तिला कष्ट पडतात; कडेला फट सापडली तर ती धुळीसह तेथूनच जाईल, मग कागद कितीही उत्तम असो. झाकण ठेवले, चारही चाप लागल्याचा आवाज ऐकला आणि इंजिन चालू करून पाहिले. या सर्वांस वीस मिनिटे लागली. त्यांपैकी दहा निऱ्या मोजण्यात गेली.

नवा फिल्टर घातला की मोटारीचे ‘ॲव्हरेज’ वाढते, असे दुकानदार सांगतात. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांबाबत त्यात तथ्य होते. परंतु अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की आधुनिक इंजिनात फिल्टर चोंदला तरी पेट्रोलाच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. गाडीची वेग घेण्याची शक्ती तेवढी मंदावते. आधुनिक इंजिन आत आलेली हवा मोजून तेवढेच पेट्रोल सोडते, हे त्याचे कारण. तेव्हा फिल्टर बदलावयाचा तो पेट्रोल वाचविण्यासाठी नव्हे. तो कधी बदलावा, हे गाडीच्या माहितीपुस्तकात किलोमीटरांच्या आकड्याने दिलेले असते. धुळीच्या भागासाठी पुष्कळदा त्याहून लहान असा निराळा आकडाही असतो. आमच्या चिखलीकरांनी तो लहान आकडा पाहावा.

नातीने झाकणावर चिकटपट्टी लावून त्या दिवसाची तारीख आणि मोटारीचे किलोमीटर लिहिले. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले. जुना फिल्टर त्यांनी हातात घेतला, झटकला नाही, नुसता उन्हासमोर धरून पाहिला. त्यांची मोटार आता पुन्हा चाकणला जाते. रविवारी फिल्टर काढणे त्यांनी सोडले आहे. नवा फिल्टर बसविण्याची पाळी येते तेव्हा ते डब्याच्या स्वच्छ बाजूला एक पांढरा रुमाल फिरवून पाहतात, आणि घरात त्या रुमालाला इतर कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही.